परवाना आपला, भरवसा कोणाचा?

परदेशी वाहनपरवान्यावर जपानी परवाना देण्याचे नियम जपानने १ ऑक्टोबर २०२५ पासून कडक केले. तोवर लेखी परीक्षेत दहा प्रश्न असत आणि प्रत्येकाला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच उत्तर द्यायचे असे. आता प्रश्न पन्नास झाले असून त्यांपैकी पंचेचाळीस बरोबर आल्याखेरीज पुढच्या, म्हणजे प्रत्यक्ष गाडी चालवण्याच्या परीक्षेला बसता येत नाही. पर्यटक म्हणून आलेल्याला हॉटेलच्या पत्त्यावर परवाना मिळत असे, तीही वाट बंद झाली. परदेशी चालकांच्या हातून झालेल्या काही गंभीर अपघातांनंतर तिथे ओरड झाली आणि सरकारला हालचाल करावी लागली.

आपल्याकडे ही बातमी फारशी कोणाच्या डोळ्यांत भरली नसेल. पण तोक्योच्या एदोगावा भागात आज भारतीयांची मोठी वस्ती आहे. २०१९ साली तिथल्या सभागृहात योगेंद्र पुराणिक निवडून गेले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्याचे कौतुकही केले होते. अशा ठिकाणी राहणाऱ्या तरुण कुटुंबांना ही बातमी थेट घरात येऊन भिडते. आणि जपानच कशाला? मुलगा जर्मनीत, मुलगी लंडनला, भाचा न्यू जर्सीत, शेजाऱ्यांचा धाकटा दुबईत, अशी घरे आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तर नाशिक, सांगली, रत्नागिरीतही गल्लोगल्ली आहेत. या सर्वांना पहिल्या वर्षात केव्हा ना केव्हा एक प्रश्न पडतोच: इथे आपला परवाना चालतो का?

या प्रश्नात एक गंमत दडलेली आहे. आपल्या विद्यापीठाची पदवी घेऊन मुलगा परदेशी कंपनीत अभियंता म्हणून रुजू होतो, कधी कधी तर मोटारीच्याच कारखान्यात. पदवीवर विश्वास बसतो, पारपत्रावर बसतो, बँकेच्या कागदांवरही बसतो. खिशातल्या त्या छोट्या कार्डावर मात्र बसत नाही. खंबाटकी घाटातून पंधरा वर्षे गाडी हाकलेल्या माणसाला तिथे पुन्हा शिकाऊ व्हावे लागते. हा अपमान समजायचा, की त्यातून काही समजून घ्यायचे, हा या लेखाचा विषय आहे.

पाहुणा आणि रहिवासी

प्रथम एक मोठा गैरसमज दूर करू. आपल्या आर.टी.ओ.मधून मिळणारे ‘इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट’ हा स्वतंत्र परवाना नव्हे. १९४९ च्या जिनिव्हा करारातून आलेले ते एक प्रमाणित भाषांतर आहे. या करारात भारत १९६२ साली सामील झाला. ‘या व्यक्तीकडे भारतात अमुक प्रकारचे वाहन चालवण्याचा परवाना आहे’ एवढेच ते पुस्तक परदेशी पोलिसाला त्याला कळेल अशा भाषेत सांगते. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते आणि मूळ परवाना सोबत नसेल तर त्याला अर्थ उरत नाही. संगणकावर पैसे भरून घरबसल्या ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ देणारी जी दुकाने दिसतात, त्यांच्या कागदाला तर कायद्याच्या दृष्टीने काहीच किंमत नाही.

हे परमिट पाहुण्यांसाठी आहे. सगळा घोळ होतो तो ‘पाहुणा’ आणि ‘रहिवासी’ या दोन शब्दांत. जवळजवळ प्रत्येक देशाचा कायदा म्हणतो, फिरायला आलात तर तुमच्या देशाच्या परवान्यावर काही काळ गाडी चालवा. पण इथे घर केलेत, नोकरी धरलीत, की आमचा परवाना घ्या. ही मुदत जर्मनीत सहा महिने आहे, ब्रिटनमध्ये बारा महिने. अमेरिकेत ती राज्यागणिक बदलते. न्यूयॉर्कमध्ये रहिवासी झाल्यापासून तीस दिवस, तर कॅलिफोर्नियात अवघे दहा दिवस. जपानने आणखी एक पळवाट बुजवली आहे. तिथे नोंदणी केलेला रहिवासी देशाबाहेर जाऊन तीन महिन्यांच्या आत परतला, तर त्याच्या परमिटचे वर्ष नव्याने मोजले जात नाही. दिवाळीला घरी येऊन नवे परमिट काढून नेण्याचा ‘उपाय’ तिथे निरुपयोगी ठरतो.

मुदत उलटल्यावर काय होते? गाडी तीच, चालवणारा तोच, पण कायद्याच्या लेखी तो विनापरवाना चालक ठरतो. जर्मनीत हा साधा दंडाचा विषय नाही, फौजदारी गुन्हा आहे. आणि अपघात झालाच तर विमा कंपनी पहिला प्रश्न परवान्याचाच विचारते. परक्या देशात ज्याचा मुक्काम व्हिसाच्या धाग्यावर टांगलेला आहे, त्याने हा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

देश तितक्या तऱ्हा

रहिवाशांच्या बाबतीत बहुतेक देश दोन याद्या करतात. एका यादीतल्या देशांचे परवाने परीक्षेविना, नुसते अर्ज करून बदलून मिळतात. दुसऱ्या यादीतल्यांनी परीक्षा द्यायची. भारत बहुतेक ठिकाणी या दुसऱ्या यादीत आहे.

ब्रिटनचे पाहा. आपल्यासारखीच डावीकडून चालणारी वाहतूक, स्टिअरिंग उजव्या हाताला, आपला मोटार कायदाही त्यांच्याच वळणाचा. तरी भारतीय परवाना तिथे बदलून मिळत नाही. वर्ष संपण्यापूर्वी तात्पुरता परवाना काढायचा, लेखी परीक्षेत पन्नासपैकी त्रेचाळीस प्रश्न सोडवायचे, चित्रफिती पाहून ‘धोका कुठे निर्माण होतोय’ हे वेळेत ओळखायचे आणि मग सुमारे चाळीस मिनिटे परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवायची. लहानसहान चुका पंधरापर्यंत माफ; गंभीर चूक एक जरी झाली तरी नापास. २०१४ पासून लेखी परीक्षा फक्त इंग्रजी आणि वेल्श भाषेत होते. प्रत्यक्ष परीक्षेची तारीख मिळायला अलीकडे कित्येक महिने लागतात. म्हणजे वर्षाची सवलत आहे म्हणून निवांत राहिलेला माणूस तेराव्या महिन्यात गाडीला शिकाऊ चालकाची लाल पाटी लावून आणि शेजारी जुन्या परवानाधारकाला बसवून फिरतो.

जर्मनीत भारतीयाला पूर्ण अभ्यासक्रम करावा लागत नाही. नवशिक्यांना सक्तीच्या असलेल्या तासिका त्याला माफ असतात. पण डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग, लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष परीक्षा यांतून सुटका नाही. ही परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून, शिक्षकाच्या उपस्थितीतच द्यावी लागते, त्यामुळे खर्चही बराच येतो. तिथला एक नियम आपल्या माणसाला हमखास चकवतो. चौकात पाटी किंवा सिग्नल नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. आपला रस्ता कितीही रुंद आणि त्याची गल्ली कितीही चिंचोळी असली तरीही. ‘मोठा रस्ता माझा’ ही आपल्याकडची न लिहिलेली शिकवण तिथे नापास करते.

अमेरिकेत देशव्यापी परवाना नाहीच. ते काम राज्यांचे. सामान्यतः नजरेची तपासणी, लेखी चाचणी आणि रस्त्यावरची चाचणी असा क्रम असतो. परीक्षा ब्रिटनच्या मानाने सोपी. पण चारही बाजूंना ‘थांबा’ची पाटी असलेल्या चौकात पूर्ण थांबून, जो आधी आला त्याला आधी जाऊ देणे किंवा शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकू लागले की समोरून येणाऱ्यांनीही थांबणे, या गोष्टी सवयीने अंगी बाणवाव्या लागतात. ‘हॉर्न ओके प्लीज’ ट्रकच्या पाठीवर लिहायला महाराष्ट्राने २०१५ साली बंदी घातली खरी. पण हॉर्नवरचा आपला अंगठा त्या बंदीने हलला नाही, हे आपण जाणतोच.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताची पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. तिथे परवाना टप्प्याटप्प्याने मिळतो, पण परदेशातला अनुभव मोजला जातो. एका वर्षापेक्षा अधिक अनुभव दाखवायचा असेल तर मात्र परवाना देणाऱ्या मूळ कार्यालयाचे किंवा वकिलातीचे प्रमाणपत्र हवे. अनुभव मान्य झाला की मधली प्रतीक्षा टळते. माणूस नवशिका नाही हे मान्य करायचे, पण तपासून घ्यायचे, असा हा मध्यम मार्ग आहे. दुबईनेही २०२३ साली भारतासह अनेक देशांच्या परवानाधारकांना ‘गोल्डन चान्स’ देऊ केला. शिकवणीचे तास न घेता एकदाच थेट परीक्षेला बसायचे. उत्तीर्ण झालात तर उत्तम, नाहीतर रीतसर शिकवणी सुरू.

चाक थांबले की घर थांबते

या नियमांचा भार घरातल्या सगळ्यांवर सारखा पडत नाही. नोकरी करणाऱ्याला सहकाऱ्याची गाडी मिळते, कंपनीची बस मिळते. खरी अडचण होते ती मागाहून गेलेल्या पत्नीची. अमेरिकेच्या बहुतेक उपनगरांत गाडीशिवाय भाजीसुद्धा आणता येत नाही. कोथरूडला किंवा डोंबिवलीला स्वतःच्या स्कूटरवर हवे तिथे जाणारी मुलगी तिथे नवऱ्याच्या सुटीच्या दिवसाची वाट पाहत बसते. मुलाला ताप आला तर दवाखान्यात कसे न्यायचे, हा तिचा रोजचा घोर. आपल्याकडे परवाना ही सोय आहे, तिथे ती जवळजवळ स्वातंत्र्याची अट आहे.

त्यात अमेरिकेतली आणखी एक मेख. २००५ च्या ‘रिअल आयडी’ कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याच्या परवान्याची मुदत त्याच्या अधिकृत मुक्कामाच्या मुदतीशी जोडलेली असते. मुक्काम वाढवण्याचा अर्ज कचेरीत पडून राहिला की इकडे परवान्याची तारीख जवळ येते. अवलंबित व्हिसावरच्या पत्नीचा मुक्काम पतीच्या नोकरीवर, परवाना मुक्कामावर, आणि बाहेर पडणे परवान्यावर, अशी ही साखळी आहे. त्यामुळे इथे बसून ‘एवढे काय, देऊन टाक परीक्षा’ असे फोनवर सांगणाऱ्या आईवडिलांनी हेही लक्षात घ्यावे.

ज्यांची भाकरीच चाकावर आहे त्यांचा प्रश्न तर याहून बिकट. कोकणातून आखातात गेलेल्या कित्येकांनी ड्रायव्हर म्हणूनच संसार उभे केले. त्यांच्यासाठी तिथला परवाना म्हणजे नोकरी. परीक्षेत एकदा नापास होणे म्हणजे पुन्हा शुल्क, पुन्हा तास आणि घरी पाठवायच्या पैशांत खाडा. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये मालमोटारींच्या परदेशी चालकांना कामाचा व्हिसा देणे थांबवल्याचे जाहीर केले, तेही फ्लोरिडातल्या एका भीषण अपघातात भारतीय चालकाचे नाव पुढे आल्यानंतर लगेच. एकाच्या चुकीचा हिशेब किती जणांकडून वसूल होतो, हे त्यातून दिसले.

यादीत आपले नाव का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पहिल्या यादीत भारत का नाही? ‘गोऱ्यांचा पक्षपात’ हे सोपे उत्तर आहे आणि ते पुरेसे नाही. ब्रिटनच्या यादीत दक्षिण आफ्रिका आहे, झिम्बाब्वे आहे, बार्बाडोस आहे, सिंगापूर आणि हाँगकाँग आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या रस्ता-अपघातांची स्थिती काही अभिमानास्पद नाही. २०२१ साली तर संयुक्त अरब अमिरातींचाही समावेश झाला. याचा परिणाम असा की, दुबईत परीक्षा देऊन परवाना मिळवलेला भारतीय लंडनला गेला तर त्याला तो बदलून मिळू शकतो. थेट पुण्याहून गेलेल्याला नाही. माणूस एकच, हात तेच, फरक फक्त परीक्षा कोणी घेतली याचा. तेव्हा या याद्या जशा सुरक्षेच्या आहेत तशाच जुन्या नात्यांच्या आणि वाटाघाटींच्याही आहेत. आपल्या सरकारने व्यापार आणि व्हिसा यांवर जेवढी घासाघीस केली, तेवढी परवान्यांवर केल्याचे दिसत नाही.

पण घासाघीस करायला बसल्यावर समोरचा विचारील, ‘तुमची परीक्षा कशी होते?’ तेव्हा आपण काय सांगणार? २००७ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नामवंत नियतकालिकात दिल्लीतल्या परवान्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. परवाना काढू पाहणाऱ्या ८२२ जणांचा त्यात माग काढला होता. ज्यांना परवाना मिळाला त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के लोकांनी परीक्षा दिलीच नव्हती. संशोधकांनी स्वतंत्रपणे चाचणी घेतली, तेव्हा परवानाधारकांतले निम्म्याहून अधिक गाडी चालवण्यास अपात्र ठरले. पैशांचा व्यवहार होत होता तो एजंटांमार्फत. देशातले सुमारे तीस टक्के परवाने बोगस असल्याचे तर केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीच जाहीरपणे सांगितले आहे.

याची किंमत परदेशात नव्हे, इथेच मोजली जाते. २०२३ साली भारतात रस्ता-अपघातांत सुमारे १ लाख ७२ हजार माणसे मेली. एकट्या महाराष्ट्रात हा आकडा पंधरा हजारांच्या वर होता. साडेआठ कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या जर्मनीत त्याच वर्षी २,८३९ माणसे दगावली. रस्ते, गाड्या, रुग्णवाहिका यांचा वाटा त्यात आहेच. सगळा दोष चालकावर टाकणे अन्यायाचे होईल. पण ज्या देशाने आपल्या माणसांना परीक्षेत तावून सुलाखून घेतले आहे, तो आपल्या मैदानावरचा इंग्रजी आठचा आकडा पाहून कसा समाधान मानील?

आपण मात्र उदार

याच नाण्याची दुसरी बाजू फारशी कोणाला माहीत नसते. परदेशी परवाना घेऊन भारतात येणाऱ्याला आपला कायदा कसा वागवतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९ मध्ये तरतूद आहे की, अर्जदाराकडे भारताबाहेरच्या कोणत्याही देशाच्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेला परवाना असेल आणि वैद्यकीय अट तो पूर्ण करीत असेल, तर त्याला वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागत नाही. ‘कोणत्याही देशाच्या’ हे शब्द लक्षात घ्या. यादी नाही, करार नाही, ‘तुम्ही आमचा माना, आम्ही तुमचा मानू’ अशी अट नाही. उजवीकडून चालणाऱ्या देशात, रिकाम्या सहापदरी रस्त्यावर शिकलेला तरुण सुटीत आजोळी येऊन लक्ष्मी रस्त्यावर गाडी घालतो, तेव्हा त्याची परीक्षा रस्ताच घेतो.

या उदारतेत दोन तोटे आहेत. एक सुरक्षेचा. दुसरा असा की, वाटाघाटीत देण्याजोगी जी गोष्ट होती, ती आपण आधीच फुकट देऊन बसलो आहोत. जर्मनीने अमेरिकेतल्या राज्यांशी परवान्यांबाबत राज्यागणिक वेगवेगळे ठरवले आहे. हे ज्यांना जमते त्यांनी काही जादू केलेली नाही. आपल्या परवान्याची पत राखली आणि मग ती टेबलावर मांडली.

काय करता येईल?

२०२१ साली केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली. तिथे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्याला आर.टी.ओ.ची चाचणी माफ. योजना चांगली, पण त्यात धोकाही आहे. प्रशिक्षण देणारा आणि उत्तीर्ण करणारा एकच असेल, तर खात्री कोणी द्यायची? कॅमेरे आणि संवेदक बसवलेले चाचणीमार्ग झाले आहेत, होत आहेत. ते वाढले पाहिजेत. पण मैदानात यंत्राने घेतलेली परीक्षा गाडी वळवता येते की नाही एवढेच सांगते. चौकात दुसऱ्याला आधी जाऊ देण्याची वृत्ती ती मोजत नाही. ती मोजायची तर परीक्षकाला वाहत्या रस्त्यावर अर्धा तास शेजारी बसावे लागेल. तसे झाले, तर ब्रिटन किंवा जर्मनीशी बोलताना आपल्या हाती काही असेल.

तोवर ज्यांच्या घरात बॅगा भरणे चालू आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. जुना पुस्तकवजा परवाना असेल तर जाण्यापूर्वी तो कार्डात बदलून घ्यावा आणि त्याची नोंद ‘सारथी’ या संगणकप्रणालीत दिसते की नाही हे पाहावे. परदेशी कार्यालयाला पडताळणी करायची झाली तर नोंद सापडली पाहिजे. परवाना पहिल्यांदा केव्हा मिळाला याचा दाखला आर.टी.ओ.कडून घ्यावा. नूतनीकरणानंतर कार्डावर नवी तारीख दिसली, तर पंधरा वर्षांचा अनुभव एका वर्षाचा भासतो. परमिट इथूनच काढून न्यावे. परदेशात असताना ते संपले तर भारतीय वकिलातीमार्फत नूतनीकरणाचा अर्ज करण्याची सोय २०२१ पासून आहे. आणि सवलतीची मुदत संपायची वाट न पाहता, पोचल्याच्या पहिल्या महिन्यातच परीक्षेच्या रांगेत नाव घालावे. मुलगा आणि सून दोघे जाणार असतील तर दोघांनीही.

परदेशात ती परीक्षा देऊन आलेली मंडळी पुष्कळदा सांगतात की, गाडी चालवता येत होती, पण आरशात पाहायला आम्ही तिथे शिकलो. हे शिकण्यासाठी सात समुद्र ओलांडावे लागू नयेत. आपल्या परवान्याला लंडनमध्ये, बर्लिनमध्ये, तोक्योत काय भाव मिळतो, ही चिंता परदेशी गेलेल्या काही लाखांची असेल. पण तो परवाना खिशात घालून आज संध्याकाळी आपल्या दारासमोरून जाणारे कोट्यवधी आहेत. त्या रस्त्यावरून आपली मुले शाळेत जातात. परवान्यावर आधी आपला स्वतःचा भरवसा बसला पाहिजे. मग इतरांच्या यादीत नाव यायला फार वेळ लागणार नाही.